पोच
(प्रस्तावना)

मिरचीच्या हंगामात दोंडाईचात शिंक आली तर कोणी सर्दीचं औषध विचारत नाही. पथारीवर लाल मिरची पसरलेली असते, देठ खुडणाऱ्या बायांनी तोंडाला पदर बांधलेले असतात, आणि गोदामाच्या कोपऱ्यात दिवाणजींचा संगणक असतो. त्याच्या कीबोर्डावरही मिरचीचा बारीक थर चढलेला. अशाच एका व्यापाऱ्याकडे मी लिहिलेला बिलाचा प्रोग्राम चालायचा. वजनकाट्यावरून आकडा यायचा, बिल तयार व्हायचं, ते दूरच्या एका सर्व्हरकडे जायचं आणि तिकडून क्रमांक परत आला की छापलं जायचं. सकाळभर सगळं सुरळीत. दुपारी दिवाणजी डबा खाऊन पुन्हा बसले की पहिलं बिल मात्र हमखास अडकायचं. अर्धं मिनिट गोल फिरायचा आणि पडद्यावर मीच कधीतरी लिहून ठेवलेलं वाक्य उमटायचं : सर्व्हरकडून उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा बटण दाबलं की बिल निघायचं.

"काय व्हयनं?" मी फोनवर विचारायचो.

"काही नही भाऊ, जेवननंतर त्यालेबी झापड येस."

दोन महिने मी या उत्तरावर हसलो. त्या काळात राउटर बदलून झाला, वायर बदलून झाली, इंटरनेटवाल्याशी भांडून झालं. शेवटी कळलं की दिवाणजींचं निदान माझ्या सगळ्या निदानांपेक्षा खऱ्याच्या जवळ होतं. झापड येत होती, फक्त सर्व्हरला नव्हे.

हे छोटं पुस्तक त्या दोन महिन्यांच्या शरमेतून सुरू झालं. एचटीटीपीवरून बोलणारे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी, म्हणजे आजच्या बहुतेक प्रोग्रामरांसाठी, ते आहे. कनेक्शन मधेच तुटतं किंवा समोरून उत्तरच येत नाही, तेव्हा काय तपासायचं आणि काय गृहीत धरायचं नाही, एवढाच त्याचा विषय. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या कॉलेजांतून संगणकशास्त्र शिकून बाहेर पडणारी मुलं हुशार असतात. पण त्यांनी शिकलेल्या प्रत्येक उदाहरणात सर्व्हर उत्तर देतोच. न आलेल्या उत्तराचा धडा अभ्यासक्रमात मला तरी कधी दिसला नाही.

आधी त्या झापडेविषयी. "कनेक्शन" या शब्दानेच पहिली फसगत होते. डोळ्यांसमोर वायर येते : इकडून तिकडे ताणलेली, तुटली तर लोंबकळताना दिसणारी. टीसीपीचं कनेक्शन तसं नसतं. सप्टेंबर 1981 मध्ये आरएफसी 793 या दस्तऐवजात त्याचे नियम पक्के झाले. ते वाचताना लक्षात येतं की इथे वायर नाही, दोन वह्या आहेत. एक वही माझ्या संगणकात, दुसरी सर्व्हरमध्ये. दोघांनी आपापल्या वहीत लिहिलेलं असतं की अमक्याशी खातं चालू आहे, इथपर्यंत पाठवलं, इथपर्यंत मिळालं. कोणी काही पाठवत नसेल तेव्हा रस्त्यावर काहीच नसतं. रात्रभर दोन्ही बाजू गप्प बसल्या तरी नियमानुसार खातं चालूच. आणि एका बाजूने वहीचं पान फाडलं, पण तसा निरोप पलीकडे पोहोचला नाही, तर पलीकडचा आपल्या वहीवर विश्वास ठेवून बसून राहतो. मेलेल्या कुळाच्या नावावर उधारी चालू ठेवणाऱ्या दुकानदारासारखा.

"अजून आहेस ना?" अशी मधूनमधून हाक मारायची सोय टीसीपीत आहे. पण 1989 च्या आरएफसी 1122 मध्ये स्पष्ट बजावलं आहे की ही हाक मुळात बंद ठेवावी, आणि चालू केलीच तर मूळ अंतर दोन तासांपेक्षा कमी नसावं. म्हणूनच लिनक्समध्ये आजही तो आकडा 7200 सेकंद आहे. दोन तास! आमच्याकडे तेवढ्यात गाडीभर मिरचीचा लिलाव, तोलाई, हमाली आणि चहा उरकतो.

त्यात या दोन वह्यांच्या मधे तिसरी वही शिरली. घरातला राउटर, कार्यालयातली फायरवॉल, मोबाइल कंपनीचं हजारो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवणारं यंत्र : हे सगळे आपल्यामधून जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवतात. वही लहान, गिऱ्हाईक फार, मग जी ओळ बराच वेळ गप्प आहे ती खोडली जाते. 2008 च्या आरएफसी 5382 ने सांगितलं की चालू कनेक्शनची नोंद किमान 2 तास 4 मिनिटं ठेवावी. दोन तासांची ती हाक येऊन जाईल एवढी सवड त्यात धरली होती. स्वस्तातल्या पेटीने हा दस्तऐवज वाचलेला असतोच असं नाही. ती काही मिनिटांत ओळ खोडते, आणि खोडल्याचं दोघांनाही सांगत नाही.

दिवाणजींच्या गोदामात नेमकं हेच चाललं होतं. एका रविवारी आम्ही दोघं घड्याळ घेऊन बसलो. एक बिल पाठवायचं, दोन मिनिटं थांबायचं, पुढचं पाठवायचं. गेलं. तीन मिनिटं, गेलं. चार, गेलं. पाच मिनिटं थांबल्यावर गोल फिरू लागला. पुन्हा पाच, पुन्हा तेच. नेटवर्कवरची वाहतूक दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये पाहिलं तर माझा प्रोग्राम जुन्याच कनेक्शनवर विनंती ढकलत होता, उत्तर नाही म्हणून तीच पुन्हा ढकलत होता, आणि पलीकडे सर्व्हरच्या लॉगमध्ये तिचा मागमूसही नव्हता. ती मधेच गिळली जात होती. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर नवं कनेक्शन उघडायचं, म्हणून काम व्हायचं. उपाय एका ओळीचा निघाला : मिनिटभर न वापरलेलं कनेक्शन पुन्हा वापरायचं नाही, टाकून द्यायचं. ज्या दिवशी दिवाणजी जागेवरच बसून जेवत आणि मधूनमधून बिलं काढत, त्या दिवशी तक्रार का येत नसे, तेही तेव्हा उमगलं. हा धागा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दिला होता. मी तो गप्पांत काढला होता.

कनेक्शन जपून पुन्हा वापरायची ही हौस एचटीटीपीला जन्मापासून नव्हती. 1991 मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये जे रूप लिहिलं त्यात विनंती एका ओळीची असे. सर्व्हर दस्तऐवज पाठवून कनेक्शन तोडे, आणि ते तुटणं हाच "संपलं" असा निरोप असे. मे 1996 च्या आरएफसी 1945 पर्यंत साधारण हाच रिवाज. पण पानांवर चित्रं आली, प्रत्येक चित्रासाठी नव्याने नमस्कार-चमत्कार करणं महाग पडू लागलं, आणि जानेवारी 1997 मध्ये एचटीटीपी 1.1 ने उलटा नियम केला : कोणी मुद्दाम तोडा म्हणेपर्यंत कनेक्शन चालू ठेवा. या पुस्तकातल्या निम्म्या दुखण्यांची जन्मतारीख तीच धरावी. कारण किती वेळ चालू ठेवायचं हे प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवलं. अपाची सर्व्हर मुळात 5 सेकंद थांबतो, एनजिनएक्स 75. समजा सर्व्हरने पाचव्या सेकंदाला खातं बंद केलं आणि नेमकी त्याच क्षणी तुमची विनंती निघाली. बंद केल्याचा निरोप इकडे येतो आहे, विनंती तिकडे जाते आहे, वाटेत दोघांची गाठ पडत नाही. यात चूक कोणाचीच नसते. जावाच्या जगात अपाची एचटीटीपीक्लायंट वापरणाऱ्यांना "नो एचटीटीपी रिस्पॉन्स एक्सेप्शन" या लांबलचक नावाने हे दुखणं ओळखीचं आहे. पुष्कळदा ते याच चुकामुकीतून येतं, आणि लोक मात्र सर्व्हरवाल्याला फोन लावतात.

प्रोग्राम ज्या शब्दांत तक्रार करतो ते शब्द नीट वाचायची सवय लागली तर अर्धं काम होतं. आपल्याकडे सगळ्याला एकच नाव : "सर्व्हर डाऊन शे." रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागला नाही, सर्व्हर डाऊन शे. उताऱ्याची प्रिंट निघाली नाही, सर्व्हर डाऊन शे. सर्व्हर बिचारा बहुतेक वेळा धडधाकट असतो. "कनेक्शन रिफ्यूज्ड" असं आलं तर मी खूश होतो. घर सापडलं आहे, घरात माणूस आहे, फक्त त्या दाराला कडी आहे. आणि मुख्य म्हणजे माझी विनंती नक्की आत गेलेली नाही. "कनेक्शन रीसेट" म्हणजे बोलता बोलता समोरच्याने, किंवा समोरच्याचा आवाज काढून मधल्याच कोणी, दार आपटलं. माझं किती ऐकून आपटलं ते कळत नाही. 502 किंवा 504 आकडा आला तर उत्तर आलेलं आहे, पण ते मालकाचं नाही, दारावरच्या रखवालदाराचं. मालक आत काय करतोय हे त्यालाही ठाऊक नाही. आणि टाइमआऊट ही तर तक्रारच नव्हे. तुमचा स्वतःचा धीर संपल्याची ती नोंद आहे. पायथनची रिक्वेस्ट्स ही लोकप्रिय लायब्ररी, तुम्ही वेळ सांगितली नाही, तर मुळात धीर सोडतच नाही, अनंतकाळ वाट पाहते. तो संयम प्रोग्राममध्ये शोभत नाही.

एक चमत्कारिक दुखणं इथेच सांगून ठेवतो. लहान बिल जातं, चाळीस ओळींचं अडकतं. जोडणी होते, पण मजकूर गेला की शांतता. अशा वेळी वेळ मोजू नका, आकार मोजा. साध्या इथरनेटवर एका पाकिटात 1500 बाइट मावतात. टेलिफोनच्या तारेवरून आलेल्या ब्रॉडबँडच्या पीपीपीओई जोडणीत 1492. मोठं पाकीट अडलं की "लहान करा" असा निरोप परत यायला हवा, आणि कोणा अतिदक्ष माणसाने फायरवॉलमध्ये असे निरोपच बंद केलेले असतात. पुढे याला एक पूर्ण प्रकरण आहे.

आता मूळ गोष्ट. दुपारच्या बिलाचं खरं कारण सापडायच्या आधी मी एक उपाय केला होता, आणि तो सांगायला मला आजही अवघड वाटतं. उत्तर आलं नाही की दिवाणजी पुन्हा बटण दाबतात ना, मग ते बटण प्रोग्रामनेच दाबावं. केलं. तक्रार बंद झाली, मी खूश. महिनाअखेरीला हिशेब जुळवताना एकाच गाडीची दोन बिलं निघाली. मग आणखी एका गाडीची. त्या दिवशी सर्व्हर तुटला नव्हता, नुसता हळू चालला होता. पहिलं बिल त्याने घेतलं, नोंदवलं, उत्तर लिहायला घेतलं. तोवर माझी तीस सेकंदं संपली, प्रोग्रामने तेच बिल पुन्हा पाठवलं आणि सर्व्हरने तेही इमानाने नोंदवलं.

उत्तर न येण्याचे अर्थ निदान तीन असतात. विनंती पोहोचलीच नाही. पोहोचली, काम झालं, उत्तर वाटेत हरवलं. पोहोचली आणि काम अजून चालू आहे. पाठवणाऱ्याच्या खुर्चीतून तिन्ही अगदी सारखे दिसतात. 1975 मध्ये अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर या तिघांनी हा पेच एका शोधनिबंधात मांडला. पुढे तो दोन सेनापतींची गोष्ट म्हणून प्रसिद्ध झाला. दोन टेकड्यांवर दोन सेनापती, मधे शत्रूची दरी, निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. निरोपाची पोच, पोचेची पोच, तिची पोच : कितीही फेऱ्या केल्या तरी शेवटचा निरोप पाठवणाऱ्याला खात्री मिळत नाही. जास्त वेगवान इंटरनेट घेऊन हा पेच सुटत नाही.

मराठीत पोच हा शब्द फार नेमका आहे. पूर्वीची माणसं पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहीत की आपलं पत्र पोचलं, मजकूर मग. रजिस्टर पत्राला पोचपावती जोडत. मनिऑर्डरीची सही केलेली पावती परत आली की पाठवणाऱ्याचा जीव भांड्यात पडे. पावती आली नाही म्हणून लगेच दुसरी मनिऑर्डर करणारा माणूस मी ऐकलेला नाही. लोक पोस्टात जाऊन चौकशी करत. ते शहाणपण आपण बटण हातात आल्यावर विसरलो.

रिझर्व्ह बँक ते विसरली नाही, हे मला विशेष वाटतं. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात तिने ही अधांतरी अवस्था रीतसर मान्य केली. यूपीआयने पैसे पाठवले, खात्यातून गेले, पण समोरच्याच्या खात्यात आले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री पटली नाही तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाला तर रोजचे 100 रुपये ग्राहकाला. म्हणजे यंत्रणा बांधणाऱ्यांनी आधीच धरून चालायचं की उत्तरं हरवणार, आणि हरवल्यावर कोणी, किती दिवसांत, कोणती वही तपासायची ते लिहून ठेवायचं. पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हापासून या भागातला माणूस अंगठा ठेवून दूरच्या यंत्राच्या होकाराची वाट पाहायला शिकला आहे. रेशनच्या रांगेतल्या म्हातारीला टीसीपी कळायची गरज नाही. पण होकार आला नाही तर तिच्या नावावर धान्य चढलं की नाही, हे त्या यंत्राचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

माझ्या दोन बिलांवरचा उतारा आडतीवरच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. शेतकऱ्याला जी हिशेबपट्टी मिळते तिच्यावर क्रमांक असतो. पट्टी हरवली म्हणून तो परत आला तर आडत्या नवा हिशेब मांडत नाही; जुना क्रमांक काढून त्याचीच नक्कल देतो. प्रोग्रामनेही तेच करायचं. पाठवण्याआधी स्वतःकडेच क्रमांक द्यायचा, पुन्हा पाठवताना तोच ठेवायचा, आणि सर्व्हरने तो आधी पाहिला असेल तर नवं काम न करता जुनंच उत्तर द्यायचं. मग दहा वेळा पाठवा. एचटीटीपीच्या नियमांतही ही वाटणी आहे : गेट, पुट, डिलीट या विनंत्या पुन्हा केल्या तरी परिणाम एकदाच केल्यासारखा असावा, पोस्टबद्दल असं कोणतंही वचन नाही. तरीही जावाची जुनी एचटीटीपी लायब्ररी अपयशी पोस्ट मुळात एकदा गुपचूप पुन्हा पाठवते आणि ते बंद करायला वेगळी कळ फिरवावी लागते. हे वाचलं तेव्हा आपण एकटेच मूर्ख नव्हतो, याचं थोडं समाधान मिळालं.

2015 मध्ये आलेल्या एचटीटीपी 2 ने एक सभ्य रीत आणली. सर्व्हरला दुकान बंद करायचं असेल तर तो "गोअवे" असा निरोप देतो. नाव उद्धट आहे, पण सोबत तो शेवटच्या हाताळलेल्या विनंतीचा क्रमांक कळवतो : याच्या पुढचं मी पाहिलेलं नाही, ते दुसरीकडे न्या. 1.1 मध्ये हे एक वाक्य असतं तर माझे कितीतरी रविवार वाचले असते. अर्थात हा निरोप द्यायला सर्व्हर जिवंत लागतो. वीज गेली तर कोणी गोअवे म्हणत नाही.

उलट टोकाचा शहाणपणा पाहायचा तर रेल्वेकडे पाहावं. दोंडाईचा सुरत–भुसावळ मार्गावर आहे. दुहेरीकरण होण्याआधी या मार्गावर क्रॉसिंगसाठी गाडी किती वेळ उभी राहायची, ते जुन्या प्रवाशांना विचारा. एकेरी मार्गावरचा नियम कडक : पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी हलत नाही. जिथे गोळ्याची पद्धत होती तिथे तो लोखंडी गोळा हातात पडल्यावरच ड्रायव्हर निघायचा. उत्तर नाही म्हणजे परवानगी नाही. उशीर चालेल, टक्कर चालणार नाही. बिलाच्या बाबतीत आपण एवढे कडक होऊ शकत नाही, गाडी दारात खोळंबते. पण कुठल्या कामाला रेल्वेचा नियम लावायचा आणि कुठल्याला "परत दाब"चा, हे आधी ठरवायला हवं. बहुतेक प्रोग्रामांत ते कोणीच ठरवलेलं नसतं. ते अपघाताने ठरतं.

"परत दाब"लाही शिस्त हवी. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता काय होतं ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे : पान उघडत नाही म्हणून सगळे पुन्हा दाबतात, आणि पुन्हा दाबल्यामुळेच ते उघडत नाही. तुमच्या प्रोग्रामच्या शंभर प्रती एकाच क्षणी अडल्या आणि बरोबर पाच-पाच सेकंदांनी पुन्हा धडकू लागल्या, तर उठू पाहणाऱ्या सर्व्हरला त्या पुन्हा खाली बसवतील. दर खेपेला अंतर दुप्पट करावं, त्यात थोडा लहरीपणा मिसळावा, आणि काही खेपांनंतर हार मानून माणसाला सांगावं.

पुस्तक कसं वाचावं याचा फार विचार करू नका. अडला असाल तर थेट तिसऱ्या प्रकरणाकडे जा. तिथे कर्ल आणि वायरशार्क घेऊन एकेक टप्पा कसा वेगळा काढायचा ते आहे : नाव सापडलं का, जोडणी झाली का, प्रमाणपत्र पटलं का, विनंती गेली का, पहिला बाइट कधी आला. एचटीटीपी 3 आणि त्याखालचं क्विक यांना शेवटी थोडीच जागा दिली आहे. तिथे टीसीपी नाही, फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला तरी संभाषण टिकू शकतं. पण पोचेचा पेच तिथेही जसाच्या तसा आहे, म्हणून सगळी प्रकरणं नव्याने लिहावीशी वाटली नाहीत.

आणि दिवाणजी. प्रोग्राम दुरुस्त झाल्यावर मी ते जुनं, अर्धवट खरं वाक्य बदलायचं ठरवलं. बराच विचार करून लिहिलं : "या बिलाची पोच अद्याप आलेली नाही. बिल नोंदले गेले असेल किंवा नसेल. पट्टी क्रमांकावरून तपासणी चालू आहे. कृपया नवे बिल करू नये." त्यांनी चष्मा वर करून ते सावकाश वाचलं.

"एवढं वाचाले टाइम कोनले शे?"

मग त्यांनीच दोन शब्द सुचवले. आता पडद्यावर तेवढेच येतात : पोच नाही.